सोमारीबाईनं मान हलवली नाही

सोमारीबाई आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा आली ती रांग मोडूनच. बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसली होती. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती आत आली, स्टुलावर बसली, आणि उजवा हात टेबलावर माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मार."

मी ग्रामीण रुग्णालयातली लॅब टेक्निशियन. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं, कागदावर लिहायचं, एवढंच माझं काम. मी रक्त काढलं. नळी भरताना ती मोठ्या समाधानानं हात पुढे धरून होती. मी कापसाचा बोळा दाबला आणि म्हटलं, "झालं आजी, जा आता." ती काही हलली नाही.

"आता भर."

"काय भरू?"

"दवा भर. एवढं रगत घेतलं, तं बदल्यात काई देशीन का नाई? का फुकटच नेऊन राह्यली व बाई?"

मी समजावलं की मी फक्त काढते, भरत नाही. औषध डॉक्टर देतात. तिनं माझी कीव आल्यासारखं चुकचुक केलं आणि उठता उठता म्हणाली, "म्हंजे तुले अर्धंच काम येते." बाहेरचा अख्खा बाक हसला. मी वरोऱ्याची, राग माझ्या नाकावरच असतो. दिवसभर मी ज्याला त्याला टोचताना जरा जास्तच जोर लावला असेन. तेव्हापासून तिनं माझं नाव ठेवलं 'रगतवाली', आणि आजही त्या भागात माझं खरं नाव कोणाला ठाऊक नाही.

तिची तक्रार समजून घ्यायची तर आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडची एक रीत ठाऊक हवी. इकडे सुई मारतो तो डॉक्टर. नुसत्या गोळ्या देतो तो शिकाऊ. ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर नुसतंच 'बरं वाटत नाई' असो, सुई टोचल्याशिवाय माणूस घरी गेला तर बायको विचारते, "मंग गेलतेच कायले?" सोमारीबाई तर सुईची भक्त. कधीमधी काही दुखत नसलं तरी आठवडी बाजाराच्या दिवशी ती एक सुई घेऊन यायची. बाजारात गेल्यासारखं वाटायचं म्हणे.

त्या दिवशी ती आली होती डोळ्यांच्या शिबिरासाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनआधी रक्त तपासतात, म्हणून तिला माझ्याकडे धाडलं होतं. पट्टीवर तिचं रक्त टाकलं आणि दोन रेघा उमटल्या. हिपॅटायटिस सी. ही कावीळ मोठी लबाड. डोळे पिवळे होत नाहीत, अंग तापत नाही. वर्षानुवर्षं आत गुपचूप बसून यकृत पोखरते आणि माणूस मात्र शेतात भाताची रोवणी करत असतो. शिबिरवाल्यांनी तिला परत पाठवलं. खरं तर एवढ्यासाठी डोळ्याचं ऑपरेशन अडवायची काही गरज नसते, पण त्यांना कोण शिकवणार! सोमारीबाई जाताना खिडकीतून मला ऐकवून गेली, "परीक्षा डोळ्याची, न् नापास केलं रगतात. तुया हात लागला ना बाई!"

आता आली का पंचाईत! तिला समजावून औषधाला लावायचं काम आमच्या तरुण डॉक्टरांनी माझ्याच गळ्यात घातलं. तिचं गाव नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की गाव जगापासून तुटतं. मी गेले तेव्हा हिवाळा होता, म्हणून स्कूटी घेऊन जाता आलं. गावात पोचले तर सगळं गाव गोटुलात, म्हणजे त्यांच्या सभेच्या मांडवात, बसलेलं. बांबूचा भाव ठरत होता.

तिथे मला पहिल्यांदा खरी सोमारीबाई दिसली. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच गावांना जंगलावरचा हक्क मिळाला आहे. बिडीचा तेंदूपत्ता आणि बांबू गावच विकतं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि त्याचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवतात. हात वर करून मतं मोजायची पद्धत या गावात नाही. सगळ्यांनी मान हलवली तर ठराव झाला. एकानं जरी नाही म्हटलं, तर विषय पुढच्या सभेला. आणि तो 'एक' म्हणजे बहुतेक वेळा सोमारीबाई.

ठेकेदाराचा माणूस पेढ्यांचा डबा घेऊन आला होता. तिनं एक पेढा खाल्ला. दुसरा घेतला. तोही सावकाश संपवला. तो बिचारा आशेनं बघतोय. मग हात पुसत ती म्हणाली, "मिठाई गोड हाय. भाव गोड नाई." आणि विषय गेला पुढच्या सभेला. पुढच्या सभेला तो माणूस भाव वाढवून आला आणि पेढे न आणता आला. तिनं मान हलवली खरी, पण "पेढे काऊन नाई आनले?" हे विचारायला विसरली नाही.

तिला मी एकदा म्हटलं, "आजी, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता." ती म्हणाली, "मान काय, बैलही हालवते. नाई म्हनाले जीभ लागते."

तर अशा बाईला मी समजावून रुग्णालयात आणलं. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं की औषध चांगलं आहे, सरकार फुकट देतं, पुढची तपासणी झाली की गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यातून मिळेल, तीन महिने रोज एक गोळी घ्यायची.

"एकच?"

"एकच."

"दाखव केवढी हाय." डॉक्टरांनी तिच्याच बोटाच्या पेरावर दाखवलं. तिनं नाक मुरडलं. "न् सुई?"

"सुई नाही."

"हं! फुकट हाय म्हून सुई नाई ठेवली. पैसेवाल्यायले सुई, आमाले गोळी."

डॉक्टरांना हसू आवरेना. पण मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "आजी, हा रोग तुम्हाला बहुतेक सुईतूनच आलाय. एकाला मारलेली सुई दुसऱ्याला मारली, की त्याच्या रक्तातलं तुमच्या रक्तात जातं."

बाजारात कोण सुई मारायचं, हे विचारायचीही गरज नव्हती. आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही विचारा, तो मनोहर कंपाउंडरचंच नाव सांगेल. एकेकाळी कुठल्याशा दवाखान्यात पुड्या बांधणारा हा माणूस पुढे स्वतःच मोपेडवर स्टीलची पेटी बांधून गावोगाव, बाजारोबाजार फिरू लागला. लोक त्याला 'डाक्टर'च म्हणत. सकाळी घरून निघताना सुया उकळून घ्यायचा, त्या दिवसभर चालायच्या. आता म्हातारा होऊन सडकेवरच्या गावात घरीच बसून होता.

सोमारीबाईनं स्वतःचा दंड चाचपला. तिचा नवरा, कोलू, काही वर्षांपूर्वी पोटात पाणी होऊन गेला होता. गावानं देव केले, पुजारी केले, कोंबडे कापले. कशाचा उपयोग झाला नाही.

"माया बुडा सुईले लई भेत होता," ती म्हणाली. "पेटी दिसली का पळे. मीच त्याचा हात धरून ठेवत होतो. म्हनत होतो, मारा डाक्टर, बरा होईन."

डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "त्यांना हेच झालं होतं, असं आता सांगता येणार नाही." पण ती काही लहान मूल नव्हती. मी उगीच टेबलावरच्या नळ्या इकडच्या तिकडे केल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम डॉक्टरांवरच खेकसली, "मंग गावात आनखी कोनाकोनाले असन?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"तं तपासा ना! बसले काऊन?"

इथून पुढे खरी गंमत सुरू झाली, म्हणजे सरकारी. आमच्याकडे तपासणीच्या पट्ट्या मोजक्याच यायच्या: गरोदर बायका आणि ऑपरेशनचे रुग्ण, बास. अख्खं गाव तपासायचं तर जास्तीच्या पट्ट्या हव्यात, गाडी हवी, ज्यांचं निघेल त्यांचं रक्त मोठ्या तपासणीला पाठवायचा खर्च हवा, आणि गोळ्या आणायला गडचिरोलीला जाणाऱ्या मजुरांची बुडणारी मजुरीही कोणीतरी धरायला हवी. गोळी फुकट होती, हे खरं. पण गोळीपर्यंतचा रस्ता कुठल्याच लेखाशीर्षात बसत नव्हता. मी रीतसर प्रस्ताव लिहिला, डॉक्टरांनी सही केली, तो वर गेला. वर बराच फिरला. आणि परत आला तेव्हा त्यावर शेरा होता: सदर गावातील बाधित रुग्णांची संख्या नमूद करावी, त्यानुसार किटचा विचार करण्यात येईल.

मी आधी हसले, मग माझा असा संताप झाला म्हणता! किट नाही म्हणून रुग्ण कळत नाहीत, आणि रुग्ण कळले नाहीत म्हणून किट नाही. बाजारात सोमारीबाई भेटली, तिला सांगितलं. सुकट चाचपता चाचपता ती म्हणाली, "म्हंजे आधी मासोळी दाखव, मंग जाळं देतो. हुशार हाय तुमचा साहेब." आणि सुकटवालीशी भावावरून भांडायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. त्या वर्षी तेंदूपत्ता चांगला गेला होता आणि ग्रामसभेच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम होती. गावच्या पोरांचं ठरलेलं: गावाचा स्वतःचा डीजे घ्यायचा. लग्नात वाजेल, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, वाजेल, आसपासच्या गावांना भाड्यानं देता येईल. शिवाय उरलेल्या पैशात सडकेवर सिमेंटची कमान. ग्रामसभेचा सचिव दलसू, सोमारीबाईचा सख्खा पुतण्या, यानं विषय मांडला. पोरांनी माना हलवल्या, म्हाताऱ्यांनी हलवल्या, बायांनीही हलवल्या. सोमारीबाई म्हणाली, "नाई."

"काऊन, काकी?"

"पयले रगत. मंग डीजे."

पुढच्या सभेतही तेच. त्याच्या पुढच्याही. दलसू हुशार पोरगा. मोहफुलं पडायचा हंगाम आला तसा त्यानं सभा भल्या सकाळी ठेवली, कारण त्या वेळी काकी जंगलात मोहाखाली असणार. गोटुलात येऊन बघतो तर काकी रिकामी टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी बसलेली. "काकी, मोह येचाले नाई गेली?" तर म्हणाली, "मोह कोनी ठराव करून नाई नेत." मग त्यानं तिच्या चिमूरकडच्या लेकीला फोन करून तिला पाहुणचाराला बोलावून घ्यायला लावलं. सोमारीबाई गेली, कोंबडीचं जेवली, लेकीकडून नवं लुगडं घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या जीपनं परत आली. उतरल्याबरोबर दलसूला विचारलं, "पाहुनचार झाला. सभा कवा हाय?"

शेवटी दलसू हात टेकून माझ्याकडे आला. "मॅडम, तुमीच समजवा तिले. तुमच्या रगतापायी आमचा डीजे अडकून राह्यला."

मी म्हटलं, "मला कुठे ऐकते ती! मला तर अर्धंच काम येतं. पण दलसू, तू लहानपणी सुई कोणाकडून घेतलीस रे?"

"सगळ्यायनंच घेतली ना, मॅडम," तो म्हणाला. नंतर त्यानं डीजेचा विषय काढला नाही. माझ्याकडचं पाणी प्यायला आणि गेला.

त्याच्या पुढच्या सभेला त्यानं आम्हा दोघांना, डॉक्टरांना आणि मला, बोलावलं. डॉक्टरांनी यकृताचं चित्र आणलं होतं. सोमारीबाईला ते दिसत नव्हतं, तरी तीच सगळ्यांना समजावत होती, "हे कलेजं. बकऱ्याचं खातो ना आपन, तसंच." दलसूनं ठराव मांडला: अख्ख्या गावाची तपासणी, पट्ट्यांचा खर्च, गाडी आणि औषधाला जाणाऱ्यांची मजुरी, सगळं ग्रामसभेच्या पैशातून, डीजे पुढच्या वर्षी, कमानीचं नंतर बघू. एकेक मान हलली. मला तर इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना कोपरानं ढोसलं.

सोमारीबाईनं मान हलवली नाही.

दलसूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आता काय झालं, काकी? तुयाच मनासारखं करून राह्यलो ना!"

"कंपाउंडर राह्यला."

"कोन कंपाउंडर?"

"मनोहर. त्याचंही रगत पाहा लागते. त्याच्या घरच्यायचंही. आपल्या पैशानं."

मग जो गलका उठला! दलसू तर उभाच राहिला. "ज्यानं गावाले मारलं, त्याच्यावर गावचा पैसा? तो आपल्या गावचा नाई, आपल्या जातीचा नाई, त्याचं काय देनं लागतो आपन?" म्हातारेही त्याच्याच बाजूचे. एकानं तर कंपाउंडरला पोलिसात द्यायची भाषा केली. माझ्या मनातलं विचाराल तर मीही दलसूच्याच बाजूनं होते. होते म्हणजे होते.

सोमारीबाईनं सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "नाला भरला का सरकार तिकडंच राहे. हे रगतवालीही तिकडंच राहे. डोक्यावर पेटी धरून, छातीएवढ्या पान्यातून इकडं कोन येत होता? थोच. तुयी माय अडली होती दलसू, तवा रातभर भायेर कोन बसला होता? थोच बसला होता. वाईट झालं त्याच्या हातानं, मी नाई नाई म्हनत. पन तो आला होता."

दलसू खाली बसला. जरा सावरून बसत ती पुढे म्हणाली, "न् आनखी एक. त्यानं आमाले लई बोचलं बाप्पा. आता त्याले बोचताना मले पाहाचं हाय."

आधी एक म्हातारी फिसकन हसली, मग सगळं गोटुल हसलं, दलसूलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच माना हलल्या. शेवटी सोमारीबाईची.

तपासणीच्या दिवशी ती दलसूच्या मोटरसायकलवर मागे बसून स्वतः कंपाउंडरला आणायला गेली. ते आले इस्त्रीचा शर्ट घालून, आणि गोटुलाच्या कडेला खांबापाशी उभे राहिले. कोणी त्यांना ये म्हणेना, कोणी जा म्हणेना. मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून काम करत होते. सोमारीबाईनंच आवाज दिला, "लाइनीत या, डाक्टर. आमी उभे राहत होतो तसे." ते निमूटपणे रांगेत उभे राहिले.

त्यांचा नंबर आला तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकली. मी बोटाला टोचलं. कंपाउंडरांनी डोळे मिटले. "बोचलं का?" तिनं विचारलं. "मले तं दिसलंच नाई. आनखी एक डाव बोच." रांगेत खसखस पिकली. कंपाउंडरही कसंनुसं हसले. मग पट्टीवर दोन रेघा आल्या. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते पट्टीकडे बघत हलकेच म्हणाले, "घरी पण त्याच सुया होत्या. बायकोला मीच मारायचो."

"मंग तिले काऊन नाई आनलं सोबत?" सोमारीबाई म्हणाली. "दलसू, गाडी काढ."

आणि दलसूनं, ज्यानं भर सभेत त्यांना शिव्या दिल्या होत्या, त्यानं गाडी काढली.

गावात बरेच निघाले. आम्हाला वाटलं होतं त्याहून जास्तच. दलसूचं स्वतःचं नाही निघालं, पण त्याच्या आईचं निघालं. पुढच्या तपासण्या झाल्या आणि ग्रामसभेच्या पैशाची जीप गडचिरोलीच्या फेऱ्या मारू लागली. कंपाउंडर सगळ्यांबरोबर जायला लाजायचे, तर सोमारीबाई त्यांना ड्रायव्हरशेजारी पुढे बसवायची. "डाक्टर हाय, मांगं कसे बसन?" म्हणायची. आता यात चेष्टा किती आणि मान किती, ते तिचं तिला ठाऊक.

मी नवा प्रस्ताव लिहिला, त्यात रुग्णांची संख्या नमूद केली आणि वर पाठवला. या वेळी तो परत आला नाही; किट आल्या, आसपासच्या गावांसाठी तपासणीचा निधीही आला. मासोळी दाखवली होती ना आम्ही! एवढंच नाही, तर एक साहेब ग्रामसभेचा सत्कार करायला गाडी घेऊन आले. लोकसहभागावर भाषण केलं. सोमारीबाईला शाल घालायला पुढे झाले तर तिनं शालीचं टोक चिमटीत धरून विचारलं, "हे कोनत्या निधीतून?" साहेब मोठ्यानं हसले. हसत हसतच शाल घातली.

गोळ्या तिनं सगळ्या घेतल्या, पण कुरकुर एक दिवस सोडली नाही. "गोळीले चव नाई, बोचत नाई, काई नाई. मानसाले बरं कसं वाटन?" औषध संपल्यावर काही आठवड्यांनी परत रक्त तपासलं. विषाणू सापडला नाही. मी स्कूटी काढून आनंदानं सांगायला गेले तर म्हणते, "एवढ्या रगतात काईच नाई सापडलं? नीट पाह्य." मग तिचं डोळ्याचंही ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "तू तं जवान हाय व! आवाजावरून मले वाटे, सासू असशीन कोनाची." पुढच्या वर्षी डीजेही आला. पहिल्या लग्नात तो वाजला तेव्हा कान झाकून सगळ्यांत पुढे तीच नाचली.

डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिलाही. विषाणू गेला तरी यकृत फार वर्षं खराब होत राहिलं होतं. ते सगळं भरून येणार नाही. दहा वर्षं आधी कोणी तपासलं असतं तर गोष्ट वेगळी होती. दोन पावसाळे तिनं चांगले काढले. मग पोट फुगू लागलं, पाय सुजले. आमच्या वॉर्डात ती दोनतीनदा भरती झाली, आणि शेवटच्या खेपेला घरी परत गेली नाही. तिच्या माघारी मी पुष्कळ रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तिनं बघितलं असतं तर म्हणाली असती, रगतवालीले पानीही काढता येते.

ती जायच्या काही दिवस आधीची एक दुपार सांगते. मी रक्त घ्यायला वॉर्डात गेले होते. कंपाउंडर मोसंब्या घेऊन भेटायला आले होते आणि कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांचं औषध पुरं झालं होतं, बायकोचंही. दोघं बरे होते. सोमारीबाई डोळे मिटून पडली होती. हाताच्या काड्या झालेल्या. नवी सिस्टर सलाइन लावायला ट्रे घेऊन आली आणि तिनं आजीचा हात हातात घेतला, तशी सोमारीबाईनं डोळे उघडले.

"थांब. पाकीट बंद हाय का?"

"बंद आहे आजी."

"माह्यासमोर फोड."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फोड. तिनं सुईचं पाकीट आजीच्या डोळ्यांसमोर धरून फाडलं. सोमारीबाईनं ते नीट बघून घेतलं आणि मग मान वळवून पायथ्याकडे पाहिलं.

"पाह्यलं का, डाक्टर? एवढंच करा लागत होतं."

मनोहर कंपाउंडरांनी मोसंब्यांची पिशवी कॉटवर ठेवली. ते तोंड फिरवून उभे राहिले, पण रडू काही त्यांना लपवता आलं नाही. सिस्टर सुई हातात धरून तशीच थांबली. सोमारीबाई कंपाउंडरांकडे बघत राहिली. मग जरा चिडूनच, गोटुलात बोलायची तशी, म्हणाली, "रडता कायले आता? तुमाले तरी नव्या सुईले पैसे कोन देत होतं?"